मासेमार मांजर आणि चीड वृक्ष : दुर्मीळ कोण, मुबलक कोण आणि कशामुळे?

या पाठात आपण दोन अशा सजीवांची तुलना करणार आहोत, ज्यांना एका वाक्यात आणण्याची वेळ सहसा येत नाही. पहिला सजीव म्हणजे पाणथळ जागी मासे पकडून जगणारे मासेमार मांजर. बंगालीत त्याला 'बाघरोल' किंवा 'मेछो बिडाल' म्हणतात आणि शास्त्रीय नाव आहे प्रायोनेल्युरस व्हायव्हेरिनस. दुसरा सजीव तुमच्या ओळखीचा असेल. वनस्पतिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात अनावृत्तबीजी वनस्पतींचा ठरलेला नमुना म्हणून ज्याचे शंकू आणि सुईसारखी पाने आपण प्रयोगशाळेत हाताळतो, तो चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय. पहिला दुर्मीळ आहे, दुसरा मुबलक. असे का?

या प्रश्नाचे उत्तरपत्रिकेत हमखास येणारे उत्तर असे: मांजराला पिल्ले कमी होतात आणि झाडाला बिया भरपूर येतात. हे उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही, पण त्याने प्रश्न सुटत नाही. माणसाला बहुधा एका वेळी एकच मूल होते, तरी आपली संख्या आठशे कोटींच्या पुढे गेली आहे. रक्तचंदनाच्या झाडाला दरवर्षी शेंगा लगडतात, तरी ते झाड आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. म्हणजे दुर्मीळपणा हा शरीराचा गुणधर्म नाही. सजीवाची जगण्याची रीत, त्याला लागणारी जागा आणि आपण वापरतो ती मोजपट्टी, या तिन्हींतून तो ठरतो. आपण तिन्ही पाहू. मोजपट्टीवर थोडे जास्त थांबू, कारण पाठ्यपुस्तके तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत.

तुलनेसाठी जागा निवडली आहे कोलकात्याचे सॉल्ट लेक. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या १८९० साली स्थापन झालेल्या संस्थेचे मुख्यालय इथल्या सीजीओ संकुलात आहे. प्राण्यांची नोंद ठेवणारे भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ चे. त्याचे मुख्यालय याच शहरात, न्यू अलीपूरला. देशातल्या कुठल्याही झाडाचे किंवा प्राण्याचे नाव अधिकृतपणे कसे लिहायचे, हे पाहायला या दोन कचेऱ्यांकडे वळावे लागते. पण सॉल्ट लेक निवडण्याचे खरे कारण तिथली जमीन आहे. ही वसाहत उभी राहण्याआधी इथे खाऱ्या पाण्याची उथळ दलदल होती. विद्याधरी नदीच्या भरती-ओहोटीचे पाणी तिथे पसरत असे. नदी गाळाने भरत गेली आणि दलदलीत मासेमारीची तळी झाली. मग १९६० च्या दशकात हुगळीच्या पात्रातला गाळ पाण्यात कालवून नळांनी इथवर आणला गेला, तळी बुजवली गेली आणि त्यावर आखीव रस्त्यांचे उपनगर बसवले गेले. ज्या प्रकारच्या जागेवर मासेमार मांजर जगते, नेमक्या तशाच जागेवर सॉल्ट लेक उभे आहे.

दोघांची ओळख

मासेमार मांजर घरच्या मांजराच्या साधारण दुप्पट असते. मोठा नर १५-१६ किलोपर्यंत भरतो, मादी बरीच लहान असते. अंगावर करड्या-पिवळसर रंगात काळे ठिपके आणि पट्टे असतात, शेपूट आखूड असते आणि बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात. अंगाला लागून असलेली दाट लव पाणी कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. नख्या पूर्णपणे आत ओढल्या जात नाहीत. निसरडा मासा पकडताना त्याचा फायदाच होतो. बहुतेक मांजरे पाणी टाळतात, हे मात्र पाण्यात बुडी मारते. भारतात ते तराईत, सुंदरबनात, बंगालच्या हावडा-हुगळीसारख्या जिल्ह्यांतल्या दलदलींत, ओडिशाच्या चिलिका सरोवराकाठी आणि गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी आढळते. भारताबाहेर नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि आग्नेय आशियाच्या काही भागांत आहे. पश्चिम बंगालने त्याला २०१२ मध्ये राज्यप्राणी केले.

चीड हिमालयाच्या पायथ्यापासून साधारण दोन हजार मीटर उंचीपर्यंत वाढतो. पश्चिमेला पाकिस्तानपासून पूर्वेला भूतानपर्यंत त्याची जंगले पसरली आहेत. एका झुबक्यात तीन लांब सुया, जाड भेगाळ साल, भरपूर राळ, उंची तीस मीटरच्या पुढे. नावातले 'रॉक्सबर्घ' म्हणजे विल्यम रॉक्सबर्घ. हावड्यात, शिबपूरला असलेल्या कलकत्ता वनस्पती उद्यानाचे ते १७९३ पासून अधीक्षक होते. त्यांनी या झाडाला दिलेले 'लाँगिफोलिया' हे नाव आधीच दुसऱ्या एका पाइनला लागलेले निघाले, म्हणून १८९७ मध्ये चार्ल्स सार्जेंट या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने नवे नाव देताना रॉक्सबर्घ यांचेच नाव घातले.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी एक आडवळण. आपल्याकडे पाइन दिसतात ते लावलेले. साऱ्या दक्षिण भारतीय द्वीपकल्पात मूळचा म्हणता येईल असा सूचिपर्णी वृक्ष एकच आहे, नागेया वॉलिचियाना, आणि तो सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या ओल्या जंगलांत आढळतो. त्याची पाने सुईसारखी नसून चांगली रुंद असतात. 'सूचिपर्णी' हा शब्द किती सैल आहे ते यावरून कळते.

पिल्ले, बिया आणि मृत्यूचे वय

मासेमार मांजराचा गर्भकाळ साधारण ६३ ते ७० दिवसांचा असतो. एका वेतात बहुधा दोन पिल्ले होतात, आणि ती जवळपास दहा महिन्यांनी स्वतंत्र होतात. चीडची घाई वेगळ्या तऱ्हेची आहे. परागकण मादी शंकूवर पोहोचल्यावर फलन व्हायला सुमारे एक वर्ष जाते आणि बी पडेपर्यंत त्याहून जास्त. पण एकदा शंकू उघडले की पंख असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात, वर्षानुवर्षे.

आता हिशेब करू. समजा एक मादी पाच वर्षे वर्षाला दोन पिल्ले देते, म्हणजे आयुष्यभरात दहा. संख्या स्थिर राहायची तर तिची आणि एका नराची जागा भरून निघावी लागते. दहापैकी दोन पिल्ले प्रजननाच्या वयापर्यंत जगली पाहिजेत, म्हणजे वीस टक्के. समजा चीडच्या एका झाडाने आयुष्यभरात एक लाख बिया टाकल्या. चीडच्या एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही शंकू असतात, त्यामुळे लाखातून एक बी मोठी झाली तरी पुरते. उरलेल्या ९९,९९९ मेल्या तरी जंगल जागच्या जागी राहते. उत्तरजीविता वक्राच्या भाषेत चीडचा वक्र तिसऱ्या प्रकारचा आहे: सुरुवातीला कड्यासारखा कोसळणारा, मग दीर्घकाळ सपाट. मांजराचा वक्र पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मध्ये कुठेतरी बसतो.

दोघांना सारखाच धक्का देऊन पाहा. नवा रस्ता झाला आणि प्रौढ माद्या पाच वर्षांऐवजी सरासरी दोनच वर्षे प्रजनन करू लागल्या. आता एका मादीची पिल्ले चार होतील आणि त्यातली दोन जगावी लागतील, म्हणजे पन्नास टक्के. वीसवरून एकदम पन्नास. पिल्लांच्या वाट्याचा धोका तसाच असताना जगण्याचे प्रमाण अडीचपट कुठून होणार? संख्या घसरू लागते, आणि रस्त्यावर मेलेली मांजरे मोजून ही घसरण डोळ्यांत भरत नाही, कारण ती मोजकीच असतात. झाडाच्या बाबतीत काही हजार बिया जळाल्या तर काहीच बिघडत नाही. प्रौढ झाडाला जाड सालीचे संरक्षण असते, त्यामुळे जमिनीलगतच्या वणव्यातूनही ते पुष्कळदा वाचते. दोघांचेही खरे भांडवल प्रौढ सदस्यांत आहे. फरक एवढाच की झाडाचा प्रौढ सदस्य शे-सव्वाशे वर्षे जागेवर उभा राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करू शकतो.

जनुकांचा प्रवास

झाड हलत नाही आणि प्राणी हलतो, असे आपण म्हणतो. जनुकांच्या दृष्टीने हे जवळजवळ उलटे आहे. चीडच्या परागकणाला हवेने भरलेल्या दोन पिशव्या असतात आणि तो वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जाऊ शकतो. मासेमार मांजर चार पायांचे खरे, पण दोन दलदलींच्या मध्ये चौपदरी रस्ता, भिंत आणि वस्ती आली की त्याची जनुके तिथेच थांबतात.

हे आकड्यांत मांडायला लोकसंख्या-जनुकशास्त्रात 'परिणामी संख्या' वापरतात. नर-मादी वेगळे असतील तर सूत्र असे:

परिणामी संख्या = (४ × नर × माद्या) ÷ (नर + माद्या)

समजा एका तुटलेल्या दलदलीत २५ प्रौढ मांजरे आहेत, पण प्रजननात ५ नर आणि २० माद्याच वाटेकरी आहेत. ४ × ५ × २० = ४००, भागिले २५, म्हणजे परिणामी संख्या १६. दर पिढीला विषमयुग्मजता '१ ÷ (२ × परिणामी संख्या)' इतकी घटते. इथे १/३२, साधारण ३.१ टक्के. दहा पिढ्यांनी मूळच्या सुमारे ७३ टक्केच उरते. शिरगणती मात्र पंचवीसच दाखवते आणि वनखात्याच्या तक्त्यात सगळे आलबेल असते.

चीडची २५ झाडांची राई घेतली तर प्रत्येक झाड बापही आहे आणि आईही, आणि वरून शेजारच्या डोंगरावरचे पराग येत राहतात. दोन समूहांमधली जनुकीय तफावत '१ ÷ (४ × दर पिढीला येणारे स्थलांतरित + १)' या अंदाजाने काढतात. पिढीला एक स्थलांतरित आला तर तफावत ०.२०. दहा आले तर सुमारे ०.०२४. वाऱ्याने परागण होणाऱ्या पाइनमध्ये समूहांतर्गत वैविध्य जास्त आणि समूहांमधला फरक कमी असतो, याचे कारण हेच.

या ठिकाणी एक टीप द्यावीशी वाटते, कारण मौखिक परीक्षेत हा गोंधळ नेहमी दिसतो. मांजरात मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो. पाइनमध्येही मायटोकाँड्रिया आईकडूनच येतो, पण हरितलवकाचा डीएनए परागातून, म्हणजे बापाकडून येतो. त्यामुळे बियांचा प्रवास आणि परागाचा प्रवास वेगवेगळा मोजता येतो. मांजरात अशी सोय नाही. जीनोमच्या आकाराचे मात्र फार मनावर घेऊ नका. पाइनचा जीनोम वीस अब्ज बेसजोड्यांच्या पुढे आणि मांजराचा अडीच अब्जांच्या आसपास, पण गुणसूत्रे पाइनमध्ये २४ आणि मांजरात ३८. यातून 'पाइन जास्त प्रगत' किंवा 'जास्त सुरक्षित' असे काहीही निघत नाही. तो बराचसा पसारा पुन्हा पुन्हा आलेल्या क्रमांचा आहे.

मोजपट्टी

आता मुख्य भाग. आययूसीएनच्या लाल यादीत प्रजातींना वर्ग दिले जातात: कमी चिंतेची, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त वगैरे. मासेमार मांजर २००८ मध्ये 'संकटग्रस्त' होते, २०१६ च्या मूल्यमापनात ते 'असुरक्षित' झाले. चीड 'कमी चिंतेची' आहे. वर्ग ठरवण्याचे एकूण पाच निकष आहेत. त्यातला पहिला संख्येतल्या घटीचा. घटीची कारणे चालूच असतील तर ३० टक्के घट म्हणजे असुरक्षित, ५० टक्के म्हणजे संकटग्रस्त, ८० टक्के म्हणजे अतिसंकटग्रस्त. पण किती काळातली घट? नियम सांगतो: दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ जास्त असेल तो.

या 'तीन पिढ्यां'कडे नीट पाहा. समजा मांजराची एक पिढी ५ वर्षांची आणि चीडची ५० वर्षांची धरली. म्हणजे मांजरासाठी १५ वर्षांची आणि झाडासाठी १५० वर्षांची पट्टी. दोघेही दरवर्षी अगदी सारखेच, १ टक्का, घटत आहेत असे मानू. पंधरा वर्षांत मांजर ०.९९ चा पंधरावा घात, म्हणजे ८६ टक्के उरेल. घट १४ टक्के. पहिल्या निकषावर ते कुठल्याच धोक्याच्या वर्गात बसत नाही. दीडशे वर्षांत झाड मात्र ०.९९ चा दीडशेवा घात, म्हणजे सुमारे २२ टक्केच उरेल. घट ७८ टक्के. सरळ 'संकटग्रस्त', आणि 'अतिसंकटग्रस्त'च्या उंबरठ्यावर.

दर सारखा, निकाल उलटा. ही पट्टी वाकडी आहे का? माझ्या मते नाही. पिढी हेच भरपाईचे एकक आहे. पंधरा वर्षांत सावरण्याची तीन संधी मिळणारा प्राणी आणि तेवढ्याच काळात एकही पिढी पूर्ण न करणारे झाड यांना एकाच घड्याळावर मोजणे अन्यायाचे ठरले असते. पण यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, मांजराला जेव्हा 'असुरक्षित' म्हटले जाते, तेव्हा आपण बऱ्याच वेगवान घटीबद्दल बोलत असतो: पंधरा वर्षांत ३० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे २.३५ टक्के. दोन, लाल यादीतला वर्ग बदलला म्हणजे रानातली संख्या बदलली असे नाही. नव्या पाहण्या झाल्या, अंदाज सुधारले, की वर्ग बदलू शकतो. 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित' झाले म्हणजे मांजरे वाढली, असे उत्तरात लिहू नका.

मोजणे सोपेही नसते. हे मांजर निशाचर, एकटे फिरणारे, आणि पुष्कळदा अभयारण्याबाहेर राहणारे आहे. चिलिका परिसरातल्या गणनेत २०२२ मध्ये १७६ मांजरांचा अंदाज आला. संरक्षित क्षेत्राबाहेर या प्राण्याची जगात झालेली ती पहिलीच गणना. चीडची गणना आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून चालू आहे, कारण लाकूड आणि राळ विकायची होती. जे विकता येते ते आधी मोजले जाते, एवढे साधे आहे ते.

सॉल्ट लेकचे मुंगूस

मोजायचे म्हटले की आधी काय मोजायचे ते ठरवावे लागते. १९६५ मध्ये, म्हणजे तळी बुजवली जात होती त्याच दशकात, घोष या प्राणिशास्त्रज्ञांनी सॉल्ट लेकच्या दलदलीतल्या मुंगसाचे वर्णन नवी प्रजाती म्हणून केले आणि तिला हर्पेस्टिस पॅलस्ट्रिस हे नाव दिले. 'पॅलस्ट्रिस' म्हणजे दलदलीचा. ही प्रजाती वेगळी मानली, तर कोलकात्याच्या पूर्वेकडच्या उरलेल्या पाणथळीपुरता पसारा असलेला तो एक अत्यंत संकटातला सस्तन प्राणी ठरतो. पण अनेक वर्गीकरणतज्ज्ञ त्याला वेगळे मानत नाहीत. त्यांच्या मते ते आपले लहान भारतीय मुंगूसच, आणि ते 'कमी चिंतेचे' आहे. प्राणी तोच, दलदल तीच. वर्गीकरणाच्या एका निर्णयावर तो अतिदुर्मीळ ठरतो किंवा अतिसामान्य.

या सामान्य मुंगसाची पुढची हकिगत आपल्या सूत्राची चांगली परीक्षा घेते. १८७२ मध्ये जमैकातल्या एका ऊसमळेवाल्याने उंदरांवर उपाय म्हणून कोलकात्याहून नऊ मुंगसे मागवली, ४ नर आणि ५ माद्या. परिणामी संख्या काढा: ४ × ४ × ५ ÷ ९, म्हणजे जेमतेम ८.९. आपल्या दलदलीतल्या मांजरांच्या निम्म्याजवळ. तरीही ती जमैकाभर पसरली, तिथून १८८३ मध्ये हवाईला नेली गेली, आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी आगंतुक प्रजातींत त्यांची गणना होते. मग सूत्र खोटे का? नाही. पहिल्या पिढीत सुमारे ५.६ टक्के विषमयुग्मजता गेली असेल, पण पुढच्या काही पिढ्यांत संख्या भराभर वाढल्यामुळे गळती थांबली. अरुंद गळ्यातून एकदा जाणे परवडते. तिथेच अडकून राहणे परवडत नाही. तुटलेल्या दलदलीतले मांजर अडकून राहते.

झाडांकडेही हाच दुहेरी खेळ आहे. कॅलिफोर्नियाचा माँटेरी पाइन न्यूझीलंड, चिली, ऑस्ट्रेलियात लाखो हेक्टरांवर लावला गेला आहे, जगात सर्वाधिक लावलेल्या सूचिपर्णींपैकी तो एक. मूळ रानात मात्र तो 'संकटग्रस्त' आहे. आपल्याकडे कुंडीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकला जाणारा नॉरफॉक बेटाचा अरॉकेरिया मूळ बेटावर 'असुरक्षित' आहे, आणि ते बेट आहे जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचे. (या नावाने विकली जाणारी बरीच झाडे प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियाचा कुक पाइन असतात. तो ओळखायची एक गंमत आहे: तो विषुववृत्ताकडे झुकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सरासरी झुकाव आठ-नऊ अंशांचा भरला. उत्तर गोलार्धात झाड दक्षिणेकडे झुकते, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे.) म्हणून 'ही प्रजाती सामान्य आहे' हे वाक्य 'कुठे?' या शब्दाशिवाय अपुरे असते.

कायदा शरीराचा, घर कोणाचे?

चीड मुबलक आहे त्यात निसर्गाइतकाच माणसाचा हात आहे. हिमालयात वनखात्याने दीर्घकाळ चीडला हात दिला, कारण इमारती लाकूड, रेल्वेचे स्लीपर आणि राळ त्यातून मिळत होते. जमिनीवर साचलेल्या त्याच्या सुया, ज्यांना उत्तराखंडात पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात पेट घेतात. त्या आगीत बांज ओकची रोपे मरतात, चीड टिकतो. तिथल्या अनेक गावकऱ्यांना चीड आवडत नाही, हे ऐकून शहरातल्या विद्यार्थ्याला आश्चर्य वाटते. पण त्यांना हवा असतो चाऱ्याचा आणि पाणी धरून ठेवणारा बांज. या झाडाचे घर मात्र पुष्कळदा राखीव वन आहे. नकाशावर त्याला 'जंगल' म्हणतात, त्याची हद्द आहे, रखवालदार आहे.

मासेमार मांजराची स्थिती बरोबर उलटी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. म्हणजे शरीराला वाघाइतके संरक्षण. पण ते जिथे राहते ती वेताची, लव्हाळ्याची, तळ्याकाठची जागा पुष्कळदा खासगी असते, आणि सातबाऱ्यासारख्या कागदावर तिची किंमत पडीक जमिनीची. ती भर टाकून बुजवली, तिथे कोळंबीचे तळे किंवा गृहसंकुल आले, तर मांजराला कोणी हातही लावलेला नसतो. शिकारीचा गुन्हा होत नाही आणि मांजर संपते.

सॉल्ट लेकच्या पूर्वेला जे उरले, त्याने काय मिळवले ते पाहण्यासारखे आहे. कोलकात्याच्या सांडपाण्याचा मोठा भाग कालव्यांतून तिथल्या 'भेडी' म्हणवल्या जाणाऱ्या उथळ तळ्यांत जातो. ऊन, शेवाळ आणि सूक्ष्मजीव ते पाणी निवळतात, त्यावर मासे पोसले जातात आणि शहराच्या बाजारात येतात. धृवज्योती घोष या अभियंत्याने हे काम कसे चालते ते उलगडून जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या जमिनींच्या रूपांतराला आळा घातला, २००२ मध्ये १२,५०० हेक्टरांचा हा पट्टा रामसर स्थळ झाला आणि २००६ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. इथे संरक्षण मिळाले ते एखाद्या प्राण्याला नाही, जागेला आणि तिच्या कामाला. लव्हाळ्यात राहणाऱ्या सगळ्यांना ते आपोआप लागू होते, मग मुंगूस वेगळी प्रजाती ठरो वा न ठरो. अतिक्रमण थांबले असे मात्र कोणी समजू नये. भर टाकण्याच्या तक्रारी आजही न्यायालयांत जात असतात.

स्वाध्याय

एका पाणथळीत ४० प्रौढ मासेमार मांजरे आहेत. पहिल्या शक्यतेत १० नर आणि ३० माद्या प्रजनन करतात, दुसऱ्या शक्यतेत ३ नर आणि ३७ माद्या. दोन्हींत परिणामी संख्या काढा आणि दहा पिढ्यांनंतर किती विषमयुग्मजता उरेल ते सांगा. शिरगणतीच्या तक्त्यात या दोन शक्यता वेगळ्या दिसतील का?

पिढीचा काळ ८ वर्षे असलेल्या प्राण्याची संख्या दरवर्षी २ टक्क्यांनी घटत आहे. पहिल्या निकषानुसार तो कुठल्या वर्गात जाईल? पिढी १५ वर्षांची धरली तर?

तुमच्या महाविद्यालयाच्या दहा किलोमीटरच्या आत एखादी पाणथळ जागा शोधा. तलाठी कार्यालयात, किंवा तुमच्या राज्यात जे महसुली दप्तर असेल तिथे, ती कोणत्या नावाने नोंदलेली आहे ते पाहा. तिथे राहणाऱ्या एका तरी प्राण्याचे नाव अनुसूचीत आहे का, तेही तपासा. दोन्ही उत्तरे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून वर्गात आणा.